तुमच्या पोटावरचे तीन डाग

प्रिय आत्याबाई,

सोमवारी माझी साक्ष आहे. यवतमाळला, चौकशी समितीपुढे. आणि त्या दिवशी मला तुम्हाला दिलेला शब्द मोडावा लागणार आहे. तुम्ही असतात तर चुलीपाशी बसून विचारलं असतं, चार शब्द ऐकून घेतले असते आणि मोकळी झाले असते. आता विचारायचं कुणाला? म्हणून दुपारची भांडी आवरून, पोरं शाळेतून यायच्या आत लिहायला बसले आहे.

सुनेनं सासूला पत्र लिहायचं म्हणजे तुम्ही हसणारच. चौदा वर्षं एका घरात राहून तुम्ही माझ्या भाकरीला एकदाही बरी म्हणाला नाहीत. "हे भाकर हाय का पाटा वं?" असं शेजारच्या बायांसमोर विचारायचात. मी चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम आणखी जाड थापायचे. तीही तुम्ही खायचात!

तुम्हाला आठवतं, धाकट्याच्या वेळी माझं सिझर झालं होतं? घरी आल्यावर पोटावरचे टाके बघून मी रडत बसले होते. तुम्ही तेलाची वाटी घेऊन आलात, दाराला कडी लावलीत. "काहून रडून राह्यली वं?" मी टाक्यांकडे बोट दाखवलं. मग तुम्ही, दोन दोन पिना लावून पदर बसवणाऱ्या तुम्ही, लुगडं बाजूला केलंत आणि म्हणालात, "हे पाह्य. माह्या बी पोटावर हायेत."

बेंबीच्या उजव्या अंगाला तीन डाग. नखाएवढे, एकाखाली एक, गुळगुळीत. लहानपणी पोट दुखायचं म्हणून तापलेल्या विळ्यानं डागलं होतं. नवी नवरी होऊन या घरी आलात तेव्हा तुमच्या सासूनं ते पाहिले आणि चार बायांत म्हटलं, डागलेलं ढोर गळ्यात मारलं. त्यानंतर तुम्ही ते कुणाला दिसू दिले नाहीत. "तुले सांगतलं, आता कोणाले सांगू नोको," म्हणालात. मी तुमच्या हातावर हात ठेवला. माझं रडणं तिथंच थांबलं होतं.

आता माझी पहिली चूक. पोटात दुखून तुम्हाला ताप भरला, तेव्हा तुम्ही नकोच म्हणत होतात. मीच मागे लागले. कार्ड आहे, सरकारच्या आरोग्य योजनेत सगळं फुकट होतं, खासगी दवाखाना आहे, स्वच्छ आहे. पित्ताशयात पू झालाय, ऑपरेशन लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही एवढंच विचारलंत, "डॉक्टरीनबाई नाही का एखादी?" नव्हती. तुम्हाला आत नेलं, तासाभरानं बाहेर आणलं. पोटावर तळहातापेक्षा मोठी पट्टी. पट्टी सोडायची नाही, आठ दिवसांनी या, असं सांगून तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं.

आणि घरी आल्यावर तुम्ही मला सांगितलंत. स्पष्ट सांगितलंत हो! "शोभा, मले यायनं काही केलंच नाही वं. मी तं जागीच होती. वरचा दिवा पाहत होती. नुसतं निजवून ठेवलं." मी काय म्हणाले? भुलीत तसं वाटतं, आत्याबाई. वर तुमच्या कपाळावरची ओली घडी बदलली आणि स्वतःला मोठी शहाणी समजले. तुम्ही पुन्हा काही बोलला नाहीत. का नाही बोललात? एरवी भाकरीवरून तासभर बोलायचात की! एकदा दटावून सांगितलं असतं तर मी उठले असते, असं मला अजूनही वाटतं.

दोन दिवसांनी सकाळी ताप चढला. सरकारी दवाखान्यात न्यायला गाडी दारात येईपर्यंत तुम्ही गेलात.

अंघोळ मी घातली. बाया लुगड्याचा आडोसा धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या. पाण्यानं पट्टी सुटली. खाली तुमचं पोट जसंच्या तसं होतं. ना चीर, ना टाका. फक्त ते तीन डाग. माझा हात थांबला. पण त्या वेळी मनात दुसरंच आलं, की आता या वळतील आणि डाग बघतील. मी घाईनं पोट पुसलं आणि तीच पट्टी दाबून परत चिकटवली. तुमचा शब्द पाळला, आत्याबाई. आणि त्यांचा गुन्हा मीच झाकला. पट्टीसकट तुम्हाला नेलं.

नंतर तुमच्या लेकाला सांगितलं, तर ते म्हणाले, आता दुर्बिणीनं करतात, दिसत नाही. मीही तसंच धरून चालले.

मग कापूस वेचणीच्या दिवसांत योजनेच्या कार्यालयातून फोन आला. एक मुलगी गोड आवाजात विचारत होती, "गिरजाबाईंचं पोट उघडून ऑपरेशन झालं ना? टाके नीट भरले का?" मी म्हटलं, त्या तर गेल्या. तिनं घाईनं फोन ठेवला. मी ओटीतला कापूस तसाच घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच बसले. पोट उघडून? कुणाचं पोट? सरकारच्या कागदावर तुमचं ऑपरेशन झालं होतं, खरं झालंच नव्हतं, आणि त्यावाचून तुमचा जीव गेला होता.

तक्रारीचा अर्ज मी लिहिला. तुमचे लेक म्हणाले, मोठ्या लोकांशी कुठं लागतेस? मग रात्र गेली, सकाळी गुपचूप त्यांनी खाली सही केली.

गेल्या तारखेला दवाखान्याच्या वकिलानं एक फोटो पुढं ठेवला. टाके घातलेलं पोट, चेहरा नाही. म्हणाला, हे घ्या, ऑपरेशननंतरचा फोटो. मी एका नजरेत ओळखलं, बेंबीशेजारी एकही डाग नव्हता. म्हटलं, हे आमच्या आत्याबाईंचं नाही. "कशावरून?" खोलीत सहा पुरुष होते आणि शेजारी तुमचा लेक. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. वकील हसून म्हणाला, "सुना काय सासूचं पोट बघत बसतात?" आत्याबाई, मला इतका राग आला! पण राग काही पुरावा नसतो. समितीतल्या डॉक्टर मॅडमनं माझ्याकडे बघितलं आणि पुढची तारीख दिली. म्हणाल्या, सिद्ध झालं तर दवाखाना योजनेतून काढला जाईल आणि पोलिसांत गुन्हा दाखल होईल. काय माहीत असेल ते त्या दिवशी सांगा.

परत येताना एसटीत मला तुमच्या शेजारच्या खाटेवरची म्हातारी आठवली. राजूरची. तुम्ही तिला आपल्या डब्यातलं वरण दिलं होतं. तिच्याही पोटावर अगदी तशीच पट्टी होती. ती घरी पोचली का, कशी आहे, मला काहीच माहीत नाही.

शेवटी उमरखेडला तुमच्या थोरल्या बहिणीला, अनसूया मावशींना फोन लावला. तुमच्या माघारी परवानगी मागायला त्यांच्याशिवाय कोण आहे? डाग म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, "तिनं तुले सांगतलं? मले तं शपथ घातलती." आणि मग जे बोलल्या ते तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. डागलं त्या दिवशी तुम्ही दोघीही होतात. तुम्ही घाबरून कोठीमागं लपला होतात. पोट मावशींचं दुखतच नव्हतं. "ते भिऊन राह्यलती म्हनून मी पयले निजली. रडली नाही. मंग ते बी आली." मावशींच्याही पोटावर तेच तीन डाग आहेत, त्याच विळ्याचे.

मी म्हटलं, मावशी, मग मी सांगू का? त्या म्हणाल्या, "तू एकटी कायले सांगतं? मी येऊन राह्यली सोमवारी. त्या डॉक्टरीनबाईले आतल्या खोलीत दाखवीन, असे डाग जात नाही म्हना जल्मात. पयले मी, मंग तू बोलजो. तुले सोपं जाईन."

ऐंशीच्या पुढं गेल्यात त्या, आत्याबाई. फोन ठेवल्यावर मी पोटभर रडले.

तर ऐका. सोमवारी मी डागांचं सांगणार आहे. कितीही पुरुष असोत, आवाज खाली करणार नाही. पट्टी मीच परत चिकटवली, तेही सांगणार. मावशींना आत नेताना तुमचं हिरवं लुगडं आडोशाला नेते आहे, ते मीच धरीन. आणि राजूरच्या त्या म्हातारीचा शोध घ्या, हे समितीला लिहून देईन. रागावायचं असेल तर रागवा, तेवढा हक्क तुमचा आहेच. पण तुम्ही मला जे सांगितलं होतं, "मले यायनं काही केलंच नाही वं," ते तसंच, तुमच्याच शब्दांत सांगेन. त्या दिवशी मी ऐकलं नाही. सोमवारी त्यांना ऐकावं लागेल.

तुमची जाड भाकरीवाली सून,
शोभा