भिंतीवरचे तीस चौकोन

१ नोव्हेंबर. सकाळी ९.४०
आजपासून सुरुवात. रोज एक फोटो. आपल्या गावाचं रोजचं जगणं, जसं आहे तसं. महिनाभर. वाचनालयाच्या बाईंनी वर्तमानपत्रांच्या टेबलामागची अख्खी भिंत दिली आहे. त्यावर चार्टपेपर लावून तीस चौकोन आखलेत, प्रत्येकात तारीख. आखणी जरा प्राथमिक शाळेसारखी वाटते. असो. मोठं काम करणाऱ्याने असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात.

अट बाबांची. बाबा निवृत्त मीटर रीडर. माणसाकडेही आकडा टिपून घ्यायला आल्यासारखं बघतात. म्हणाले, एकही चौकोन रिकामा राहिला नाही, तर तुझ्या बाबतीत मी पुन्हा तोंड उघडणार नाही. राहिला, तर एक तारखेला मामाच्या फरशीच्या गोदामात. परगावी. वर राहायला खोली, खाली फरशी, सकाळी आठला हजेरी. चार गावं पालथी घातलेल्या माणसाला हे खोकी मोजायला बसवणार. मी हसून हो म्हटलं.

व्यवस्था ताईची. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. दुपारी एकला जेवायला घरी येते. जाताना कॅमेऱ्यातलं कार्ड नेईल, त्यातला शेवटचा फोटो प्रिंट करून वाचनालयात देईल. म्हणजे मी एकच्या आत एक फोटो काढायचा. एवढंच.

आजचा फोटो: आमच्या गल्लीचं तोंड. काळा आला. उजेडाने साथ दिली नाही.

२ नोव्हेंबर
सलूनमध्ये गेलो. सलूनवाल्याला सांगितलं, मी इथे नाहीच असं समज. त्याने गिऱ्हाईकाला अर्ध्या दाढीवर उठवून बाहेर बसवलं, आरसे पुसले, स्वतःचा भांग पाडला आणि कात्री छातीशी धरून उभा राहिला. फोटोत तो निवडणुकीला उभा असल्यासारखा दिसतो. रोजचं जगणं तेवढा वेळ बाहेर बाकावर तोंडाला फेस लावून बसलं होतं. पण तोवर माझं बटण दाबून झालं होतं.

३ नोव्हेंबर
बेकरी. तोच प्रकार. बेकरीवाल्याने सगळे पाव आत नेले आणि फळ्या धुतल्या. दुकान रिकामं दिसायला नको म्हणून समोरचे काका, ज्यांना गल्ली सल्लागार म्हणते, ते फ्रेममध्ये येऊन उभे राहिले. मला म्हणाले, तिरका धर, सगळे मोठे लोक तिरका धरतात. तिरका धरला. आता बेकरी तिरकी आणि काका सरळ.

घरी आईच्या अंगठ्याला इस्त्रीचा चटका बसलेला. ती लोकांचे कपडे इस्त्रीला घेते. ताईने भलीमोठी पांढरी पट्टी बांधून दिली. मी म्हटलं, दोन दिवस आराम कर. आईने विचारलं, मग हे शर्ट कोण करणार? मला त्या वेळी बाहेरचा उजेड फार चांगला वाटला, म्हणून निघालो.

निघता निघता तिने विचारलं की कॅमेऱ्याचं कुठलं बटण दाबतात. समजावलं की बटणाला काही अर्थ नसतो, नजर लागते. तरी बटण दाखवलं. वाईट वाटायला नको.

५ नोव्हेंबर
काल घात झाला. सकाळी एक माणूस खांद्यावर लांबच्या लांब शिडी घेऊन चाललेला दिसला. एवढी शिडी कुठे चाललीय हे बघणं भाग होतं. ती पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. तिथे पेंटर लोक होते, गप्पा निघाल्या, त्यांनी चहा पाजला. घरी आलो तेव्हा चार वाजून गेले होते. फोटो काढायचा राहिलाच, कारण कॅमेरा इस्त्रीच्या टेबलावर राहिला होता.

आज बाईंना सांगायला बॅटरीचं कारण तयार करून गेलो. बघतो तर चार तारखेचा चौकोन भरलेला. गच्चीवरची दोरी, तिच्यावर एक शर्ट, दोन्ही हात वर करून शरण आल्यासारखा. फार चांगला फोटो. खालच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं, धूसर.

बराच विचार केला. मी काढलाच असणार. सकाळी गच्चीवर दात घासायला गेलो होतोच. सवय अंगात मुरली की हात आपोआप काम करतो. बॅटरीचं कारण पुढे कधीतरी कामी येईल.

९ नोव्हेंबर
थकवा. लोकांना वाटतं फोटो काढणं म्हणजे काय, एक बोट. बघणं थकवतं.

परवा बसमधून फोटो घ्यायचे म्हणून बसमध्ये चढलो आणि शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरने उठवलं. काल टायरच्या दुकानात बसलो. टायर काढणं आणि चढवणं यात माणूस किती गुंततो, कल्पना नाही. दोन्ही दिवस कॅमेरा घरी. दोन्ही चौकोन भरलेले. एकात शेजारची म्हातारी दारात बसून पायाची नखं कापतेय. दुसऱ्यात रिकाम्या रस्त्यावर उलटी पडलेली एक चप्पल. दोन्हींत तेच पांढरं धुकं, त्याच कोपऱ्यात.

ताईला विचारलं, कार्डावर एवढे फोटो येतात कुठून? ती म्हणाली, कार्डावर जो शेवटचा असतो तो मी देते, बाकी मला विचारू नकोस. मला वाटतं मी खूप आधी बरेच काढून ठेवले असावेत.

१२ नोव्हेंबर
आजच्या चौकोनात बाबा. खुर्चीत झोपलेले, तोंड उघडं, चष्मा छातीवर, हातातलं वर्तमानपत्र घसरून पायावर.

बाबा रोज दुपारी वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला जातात, म्हणजे नेमके त्या भिंतीसमोर बसतात. जेवताना मी वाट बघत होतो. बाबांनी भाजी घेतली, पाणी घेतलं आणि माझ्याकडे न बघता आईकडे बघितलं. म्हणाले, निदान उठवायचं तरी. आई म्हणाली, उठवलं असतं तर तोंड मिटलं असतं.

ही दोघं आपसात काय बोलतात ते मला हल्ली समजत नाही. कलावंताचं घरात असंच होतं.

१५ नोव्हेंबर
अर्धा महिना पूर्ण. आढावा घ्यायला हरकत नाही.

बाईंच्या म्हणण्याप्रमाणे लोक हल्ली आधी भिंत बघतात आणि मग वर्तमानपत्र उघडतात. तो उलट्या चपलेचा फोटो बघून एक बाई बराच वेळ उभी होती म्हणे. सलूनवाल्याच्या फोटोबद्दल विचारलं, तर बाई म्हणाल्या, तोही आहे ना, आहे.

निष्कर्ष: लोकांना धुक्यातले फोटो आवडतात. माझी स्टाईल सापडली. उद्यापासून जाणीवपूर्वक धुकं.

१६ नोव्हेंबर
लेन्सवर हाः केलं आणि चौकाचा फोटो काढला. नुसतं ओलं आलं. पुन्हा केलं. आईने पदराने लेन्स पुसली आणि म्हणाली, काचेवर तोंडची वाफ सोडू नये, डाग पडतात. तंत्रातलं तिला काय कळणार. पण पुसली हे बरं झालं.

१९ नोव्हेंबर
आईच्या अंगठ्याची पट्टी निघाली. बरा झाला.

फोटोंमधलं धुकंही गेलं. हवा बदलली असावी.

आज औषधाच्या दुकानातल्या मावशी. ही बाई माझ्या हातात कॅमेरा दिसताच पावतीपुस्तक तोंडापुढे धरते. आणि फोटोत काउंटरमागे उभ्या उभ्या डबा खातेय, गाल फुगलेला, कशाला तरी हसतेय. फोटो इतक्या जवळून घेतलाय की हात लांब केला असता तर डब्यातला घास उचलता आला असता. मी त्या दुकानात या आठवड्यात गेल्याचं आठवत नाही. आई मात्र गेली होती, अंगठ्याचं मलम आणायला. तिला विचारलं, दुकानात मी होतो का? तिने इस्त्री थांबवली, माझ्याकडे बघितलं, कपाळाला हात लावून ताप बघितला आणि पुन्हा इस्त्री सुरू केली.

विसराळूपणा हे अतिकामाचं लक्षण आहे. दोन दिवस सुट्टी घेतो.

२३ नोव्हेंबर
सुट्टी थोडी लांबली. चौकोन भरताहेत.

ताई म्हणाली, तुला आता कॅमेरा लागतच नाही, पोचलास बाबा तू. ताई सहसा कौतुक करत नाही. बरं वाटलं.

२६ नोव्हेंबर. दुपार
गावाचा कंटाळा आला आहे हे इथे लिहायला हरकत नाही. तीच गल्ली, तोच चौक, तेच काका तिरका धर म्हणणारे. रोजच्या जगण्यात रोज बघण्यासारखं काही नसतं, हे कोणी आधी सांगत नाही. दुसऱ्या गावात असतो तेव्हा हे गाव बरं वाटतं. इथे आलो की इथलं सगळं आधी बघितलेलं. कदाचित मी जरा लांब लेन्स घ्यायला हवी.

पण शेवट जोरदार करायचा. ठरवलं: तीस तारखेला पहाटे उठून टाकीच्या मागून सूर्योदय. हा मी स्वतः काढणार. म्हणजे सगळेच मी काढलेत. हा मुद्दाम काढणार.

३० नोव्हेंबर. पहाटे ५.३०
उठलो. कपडे झाले. बूट घातले. अजून काळोख आहे. सूर्य निघायला वेळ आहे, तोवर दोन मिनिटं पाठ टेकतो.

३० नोव्हेंबर. रात्री ९.३०
लिहू नये असं वाटतंय, पण सुरुवातच मी केली आहे.

पावणेबाराला जाग आली. सूर्य कधीच वर आलेला. कॅमेरा टेबलावर. मी म्हटलं, होईल, नेहमी होतं.

सहाला वाचनालयात छोटासा समारंभ. पंधरावीस लोक. सलूनवाला, बेकरीवाला, औषधवाल्या मावशी, सल्लागार काका. बाबा पहिल्या खुर्चीत. आई आणि ताई मागे दाराशी. शेवटच्या चौकोनावर बाईंनी कोरा कागद टाचून ठेवला होता, उत्सुकतेसाठी. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोललो. म्हणालो, गाव जसं आहे तसं दाखवायचं तर फोटो काढणाऱ्याने फोटोतून नाहीसं व्हावं लागतं. टाळ्या बेताच्या. बाईंनी कागद काढला.

फोटोत मी.

पलंगावर आडवा, पायात बूट, एक हात खाली लोंबतोय. खिडकीतून चांगलं वर चढलेलं ऊन थेट तोंडावर. पायाशी इस्त्री केलेल्या कपड्यांचा ढीग, कारण दुसरीकडे ठेवायला जागा नसते. लोक पुढे सरकले. कोणी हसलं नाही, त्यानेच जास्त लागलं. मी मनात बरंच काही जुळवून बघितलं. टायमर. आरसा. कशातच बसेना. हा फोटो मी काढलेला असू शकत नाही.

मग औषधवाल्या मावशी मागे वळून आईला म्हणाल्या, वहिनी, आता माझा एक बसलेला काढा, डबा नको. सलूनवाला म्हणाला, माझाही पुन्हा काढा, आधीचा काढून टाका तो. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. काकांनासुद्धा.

बाबा उठले. एक तारखेपासून तीसपर्यंत भिंतीलगत चालत गेले, प्रत्येक चौकोनापुढे थांबत, अगदी नोकरीत असल्यासारखे. सगळे बघून झाल्यावर माझ्यापाशी आले.

"एकही रिकामा नाही," म्हणाले. "मी शब्दाचा पक्का आहे."

आणि गप्प झाले. घरी येईपर्यंत गप्प. जेवताना गप्प. मी जिंकलो आहे. इतकं वाईट जिंकणं मला माहीत नव्हतं.

१ डिसेंबर. सकाळी १०
रात्रभर विचार करून ठरवलं, आपण सरळ वागायचं. अट जिंकली ती आईने, मी नाही. तेव्हा मी स्वतःहून गोदामात जाणार. कोणी सांगायच्या आत. बॅग भरली. मग मामाला फोन केला. म्हटलं, मामा, येतो मी सोमवारपासून.

मामा म्हणाला, अरे, ती जागा केव्हाच भरली. तुझ्या आईनेच फोन केला होता मला, गेल्या महिन्याच्या सुरुवातीला. म्हणाली, त्याला काही ते खोकी उचलणं जमायचं नाही, तू उगाच खोळंबून राहू नकोस, दुसरा बघ.

फोन ठेवला. म्हणजे गोदाम महिनाभर नव्हतंच. मी ज्याच्यापासून वाचत होतो ते तिने पहिल्या आठवड्यातच बंद करून टाकलं होतं.

आई शर्टाच्या कॉलरवर पाणी मारत होती. तिला विचारलं, मग फोटो कशाला काढत राहिलीस?

"तू सुरू केलेलं होतं," ती म्हणाली. "तुझं ते दाराचं रंगकाम कोणी संपवलं? ती मांडणी कोणी ठोकली? मी आपलं हेही घेतलं हातात." मग कॉलर उलटी केली. "पण खरं सांगू का, चार दिवसांनी मला तुझी आठवणच राहिली नाही. मला आवडायला लागलं रे ते."

बाबा समोरच होते, काही बोलले नाहीत, ते शब्दाचे पक्के आहेत.

दुपारी ३.००
बाईंनी डिसेंबरसाठी भिंत आईला दिली. एकतीस चौकोन. कॅमेरा गळ्यात अडकवून ती आत्ताच बाहेर पडली. जाताना म्हणाली, हे निळे शर्ट संध्याकाळपर्यंत द्यायचेत, तेवढे बघ.

बॅग पुन्हा उपसायचा कंटाळा आला, तशीच ठेवली आहे. इस्त्री गरम केली. पहिला शर्ट घेतला. काम वाटतं तितकं सोपं नाही, पण माझा हात चांगला आहे, हे लगेच लक्षात आलं. यात काहीतरी करता येईल. उद्यापासून पद्धतशीर सुरुवात.

एक बाही झाली. दुसरी आई आल्यावर करेल.