रिकाम्या खुर्चीशी बोलणं

मुरबाड, ८ ऑगस्ट २०२५

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद. माझा भाऊ सावळाराम यापुढे तुझ्या दारू सोडवणाऱ्या गटाला येणार नाही म्हणतो, म्हणून लिहिणं भाग पडलं. फोनवर तू हो काकू म्हणून मोकळी होतेस.

त्याचं म्हणणं, पोरीचा एक धडा पुरा होत नाय तर दुसरा सुरू. आधी तू नुसतं ऐकलंस. मग मनातले विचार तक्त्यात लिहायला लावलेस. काल रिकामी खुर्ची मांडून तिच्याशी बोला म्हणालीस. गडी सगळे जमिनीवर, खुर्ची एक. गटातल्या महादूला ती साहेबाची वाटली आणि त्याने पाड्याच्या रस्त्याचं गाऱ्हाणं घातलं! मीही बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. एका वाफ्यात तीन जातींचं भात पेरत नाहीत. एक पद्धत धर. सावळाराम सत्तर दिवस प्यायलेला नाही. तुझ्या प्रयोगांपायी तो पुन्हा प्यायला लागला, तर माझ्या दारात येऊ नकोस.

तुझी काकू,
चंद्रकला

डोळखांब, ११ ऑगस्ट

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि. धमकी पोचली. पद्धती मी मिसळते, पण माणसं बघून. गट नवखा असताना ऐकणंच कामाचं. विश्वास बसला की तक्ता. जे तोंडावर बोलवत नाही, त्यासाठी खुर्ची. महादूला आधी नीट समजावलं नाही, ती चूक माझी.

गटातलं मी बाहेर सांगत नाही, पण परवा फोनवर सावळाराममामांनीच लिही म्हटलं. महादूनंतर त्यांनी खुर्चीत तुम्हाला बसवलं. म्हणाले, अक्का रोज सांजच्याला तोंड हुंगते, गाडीची आन् खोलीची किल्ली कमरेला ठेवते. मग दारू मी सोडली का तिनं, तेच कळत नाय. गटाला यायचं तरी किल्ली मागावी लागते, याची त्यांना लाज वाटते. तुमच्यापुढे धड्यांचं निमित्त करणं त्यांना सोपं गेलं. काकू, ही तुमची पद्धत कितव्या प्रकरणात होती?

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

आपली,
दामिनी

मुरबाड, १४ ऑगस्ट

चि. दामिनीस,
आशीर्वाद. हुंगण्याचं प्रकरण आमच्या पुस्तकात नव्हतं. हे मला तोंडावर का सांगितलं नाहीस, असं सावळारामला सकाळी विचारलं. म्हणाला, तू मधी बोलतेस, खुर्ची बोलत नाय. त्यावर मी बोलणार होते, बोलले नाही. तो गटाला निघाला आहे, पत्र त्याच्याचकडे देते. संध्याकाळी तो येईल तेव्हा मी दारात उभी नसेन. कुठे उभं राहायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही.

तुझी,
काकू

ता. क. आज सावळारामच्या हाती दिलं: मोटारसायकलची किल्ली एक, खोलीच्या किल्ल्या दोन. तो पत्र न घेताच फाटकाशी गेला, तेव्हा हाक मारून खोलीची तिसरीही दिली.