राखेनं तीनदा धुतलेली बाटली

घनसावंगी,
रविवार, १९ जानेवारी २०२५

झुंबरमावशी यांना,
उषाचा नमस्कार.

तुम्ही आणि तृप्ती वाटूरला बऱ्या असाल. तुमच्या भावाच्या, कचरूमामांच्या घरी जागा कमी आहे हे मला माहीत आहे. थंडीनं तुमचा गुडघा धरत असेल. तृप्ती, तुझी बारावीची परीक्षा जवळ आली. हे पत्र आईला तुलाच वाचून दाखवायचं आहे, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. तिच्याजवळ बसून वाच. तिला वाईट वाटेल म्हणून मधलं काही गाळू नकोस, आणि माझी कीव येऊनही गाळू नकोस.

मागच्या महिन्यात मी तीनदा फोन लावला. तुम्ही उचलला नाहीत, बरोबर केलंत. फोनवर मी इकडचं तिकडचं विचारलं असतं आणि ठेवून दिला असता.

शाळेचं सांगते. खिचडी शिजवायला तुमच्या जागी द्वारकाबाई आल्या आहेत. हाताला चव आहे, पण मुलं जेवत नाहीत. पहिला घास साहेबराव सर सगळ्यांसमोर खातात, मुलं त्यांच्या तोंडाकडं बघत राहतात, आणि मग दोन-दोन घास चिवडून उठतात. अडतीसची शाळा एकोणतीसवर आली. काहींना आईबापांनी तीर्थपुरीच्या इंग्रजी शाळेत घातलं. तुम्ही कांद्याची सालं टाकायचात तो खताचा खड्डा आता उरलेल्या खिचडीनंच भरतो. पोरांनी तुमच्यासाठी लावलेला कढीपत्ता मात्र जगला आहे.

आपल्या शाळेचा नंबर आला, हे तुमच्या कानावर आलंच असेल. 'शून्य कचरा शाळा' म्हणून तालुक्यात पहिली. नोव्हेंबरात जालन्याला कार्यक्रम झाला. व्यासपीठावर जाऊन प्रमाणपत्र मी घेतलं. रेणू जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. फोटोत मी हसले आहे.

तो उपक्रम माझा होता, मावशी. साहेबराव सर म्हणाले होते, मॅडम, दोन शिक्षकी शाळा, कशाला हे झेंगट. मीच म्हटलं, मुलं करतील. आणि मुलांनी केलं. दर शनिवारी व्हरांड्यात ताणकाटा लटकवून कचरा तोलायचा. जूनमध्ये आठवड्याला चार किलो भरायचा, ऑगस्टअखेर सहाशे ग्रॅमवर आला. कुरकुऱ्याची पुडी शाळेत आणायची नाही असं मुलांनीच ठरवलं. दुकानदाराला जाऊन सांगितलं, आम्हाला कापडी पिशवीत द्या. पाहुणे आले की प्लास्टिकचे ग्लास यायचे, ते बंद केले. प्रत्येकानं घरून आपली बाटली आणायची, आपलं पाणी प्यायचं. नवीन विकत घ्यायची नाही, घरात असेल तीच धुऊन वापरायची. हे वाक्य माझं. फळ्याच्या वर मीच रंगवलं होतं आणि रोज वाचून घ्यायचे.

सगळ्यांच्या घरी बाटली असते असं मी धरून चालले.

रेणूच्या घरी नव्हती. बाप गोरक्षनाथ मेंढरं घेऊन रानोमाळ, आई खुरपायला, घरी आजी गोपिकाबाई. पाणी प्यायला तांब्या. चौथीतली ती पोर आठ दिवस ओंजळीनं हापशावर पाणी पीत होती, आणि कचऱ्याच्या तक्त्यावर तिच्या नावापुढं रोज लाल फुली पडत होती. तीही मीच मारत होते. एकदा म्हटलंसुद्धा, रेणू, तुझ्यामुळं चौथीचा नंबर मागं पडतोय.

चोवीस सप्टेंबर, मंगळवार. दोन दिवसांनी तपासणीचे साहेब यायचे होते. सर प्रशिक्षणाला जालन्याला गेले होते, शाळेवर मी एकटी. परिपाठाला रेणू बाटली घेऊन आली. पांढरी, जाड, बुटकी. कागद खरवडून काढलेला. वरून आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा शिवून घातला होता, टाका न् टाका तिच्या हातचा. मी विचारलं, कुठली गं ही? तर म्हणाली, "रानातली हाय मॅडम. बांधावर पडेल होती. राखेनं तीनदा धुतली."

मावशी, कापसाच्या बांधावर सप्टेंबरात कसली बाटली पडलेली असते, हे मी शेतकऱ्याची लेक आहे, मला कळत नाही असं नाही. झाकण उघडून मी वास घेतला. राखेचा येत होता आणि त्याच्याखाली आणखी एक. तो मला कळला. पण समोर मुलं बसली होती, तक्त्यावरची लाल फुली पुसायची होती, आणि टाकाऊतून टिकाऊचं याच्याहून चांगलं उदाहरण तपासणीला सापडलं नसतं. मी ती बाटली वर धरली. सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. रेणूला म्हटलं, परवा साहेबांना तू दाखवायची.

तृप्ती, थांबू नकोस. पुढं वाच.

मावशी, तेव्हा तुम्ही तांदूळ निवडत बसला होता. परिपाठ संपल्यावर पदराला हात पुसत माझ्याकडं आलात आणि हळू आवाजात म्हणालात, "मॅडम, ती फवाऱ्याच्या औषधाची बाटली हाय. पोरीच्या हातातून घ्या." मी म्हटलं, धुतलीय हो तिनं. तुम्ही म्हणालात, "ते धुतल्यानं जात न्हाई." मी म्हटलं, बघते. तुम्ही दोन पावलं गेलात, परत वळून माझ्याकडं पाहिलंत. मी हजेरी घ्यायला लागले.

बघितलं नाही. तपासणीचे तक्ते रंगवत बसले.

सकाळभर ती त्यातलंच पाणी प्याली. मिरवायची होती ना तिला. शेजारच्या चौघांनाही घोट-घोट दिलं. जेवणाची सुट्टी झाली, खिचडी खाल्ली, आणि अर्ध्या तासात तिला घाम सुटला. तोंडातून लाळ यायला लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. मग त्या चौघांनी ओकाऱ्या केल्या. पुढचं तुम्ही पाहिलं आहे. जीपमध्ये तिचं डोकं तुमच्या मांडीवर होतं आणि दप्तर माझ्या. घनसावंगीला सलाइन लावलं, तिथून जालन्याला गाडी केली. जालना यायच्या आत ती गेली. चौघं वाचली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात कोणीतरी म्हणालं, खिचडीतून झालं. मी ऐकलं. नाही म्हणाले नाही. तेवढ्यात मला उमजलं की दप्तर अजून माझ्याच हातात आहे. मी बाटली काढली आणि माझ्या पर्समध्ये ठेवली. हे करताना माझे हात कापत होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. हात स्थिर होते.

त्यानंतर चार महिने सगळे म्हणत आले, की त्या दिवशी उषा मॅडमनी किती धावपळ केली.

चौकशीला साहेब आले तेव्हा तुम्ही त्यांना जे सांगितलंत ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुम्ही म्हणालात, "साहेब, अडतीस लेकरांनी एकाच पातेल्यातलं खाल्लं. मंग पाचच कशी पडली? पोरीकडं औषधाची बाटली होती. मी मॅडमला बोलले होते." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, अशी काही बाटली होती का. तुम्हीही माझ्याकडं पाहत होता. तुम्हाला जरासुद्धा शंका नव्हती. दहा वर्षं आपण दोघी एका डब्यात जेवलो होतो.

मी म्हटलं, माझ्या पाहण्यात नाही.

मुलांना कोणी विचारलंच नाही. ती चौघं महिनाभर शाळेत आली नाहीत. पोटातल्या विषाचा अहवाल आला तेव्हा मला वाटलं, आता सुटका झाली, औषध सापडलं म्हणजे बाटली सापडली. पण लोकांनी उलटा अर्थ लावला. म्हणाले, बाईनं फवारलेली कोथिंबीर न धुता टाकली, नाहीतर औषधाच्या डब्यात डाळ भिजवली. तुम्हाला कामावरून काढलं, तुमच्यावर गुन्हा दाखल झाला. गोपिकाबाईंनी तुमच्या दारात सुतकातली राख आणून ओतली, आणि तृप्तीला बसमध्ये कोणी शेजारी बसू देईना. तुम्ही गाव सोडलंत त्या सकाळी मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. टेम्पोत तुमची मोठी परात होती. मी मुलांना पाढे म्हणायला सांगितले, मोठ्यानं.

मला भीती वाटत होती. नोकरीची, तुरुंगाची, माझ्या मुलाच्या लग्नाची. ही कारणं आहेत. यातलं एकही तुमच्या दारातल्या राखेएवढं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

आता सांगते, काय झालं ते.

परवाच्या गुरुवारी, संक्रांतीनंतर दोन दिवसांनी, दुसरीतली शालू शाळेत आली. ज्या चौघांनी घोट घेतला होता त्यांच्यातली ती नव्हे, त्यांच्यातल्या एकीची धाकटी बहीण. हातात बाटली. हरभऱ्याच्या रानात सापडलेली. कागद काढलेला, वरून लोकर गुंडाळलेली. मला म्हणाली, मॅडम, मी पण राखेनं धुतली, तीनदा, रेणूताईसारखी. मला टाळ्या?

मी ती हिसकावून घेतली. तिचं बोट मुरगळलं, ती रडायला लागली. मी तिचं तोंड हुंगलं, हात साबणानं चार-चार वेळा धुतले, विचारलं, प्यालीस का, प्यालीस का. नव्हती प्याली. शाळेत येऊन भरणार होती.

मावशी, त्या पोरीला कोणीच सांगितलं नव्हतं. तिच्या बहिणीला दवाखान्यात नेऊन आणलं, पण तिच्या घरालाही खिचडीच ठाऊक. गावातली माणसं कोथिंबीर तीन पाण्यानं धुवायला लागली, आणि बांधावरच्या बाटल्या बांधावरच राहिल्या. फळ्याच्या वर माझं वाक्य अजून रंगवलेलं आहे, घरात असेल तीच धुऊन वापरा. पोरांना रेणूची बाटली आठवते, टाळ्या आठवतात. रेणू कशानं गेली ते मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि मी बोलत नव्हते. एका वाक्यात सांगता आलं असतं मुलांना, या बाटल्यांना हात लावू नका. पण मग कोणीतरी विचारलं असतं, का? म्हणून मी तेवढंही सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी सगळ्या वर्गांना एकत्र बसवलं आणि सांगितलं. रेणू त्या बाटलीनं गेली, ती बाटली मी हातात धरली होती, झुंबरआजींनी मला आधीच सांगितलं होतं. चौथीतल्या करणनं विचारलं, मग झुंबरआजी परत येतील का? मी म्हटलं, मला माहीत नाही.

शुक्रवारी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला, आणि पर्समधून कपाटात गेलेली ती बाटली कापडासकट जमा केली. साहेबराव सरांना आधी सांगितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. माझ्यावर कारवाई होईल. होऊ दे.

काल गोपिकाबाईंकडं गेले. गोरक्षनाथ मेंढरांमागं होते, त्या एकट्याच ओट्यावर. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मला वाटलं त्या शिव्या देतील, मारतील. त्यांनी विचारलं, "पोरीला वास आला आसंल का हो त्याचा?" मी म्हटलं, आला असेल. त्या म्हणाल्या, "मला पन आल्ता. लुगड्याचा तुकडा मागाय आली तवा आल्ता. मी म्हणले, मॅडमनी सांगितलं आसंल." मग म्हणाल्या, "झुंबरच्या दारात म्या राख टाकली. तुमी तिला सांगा. मला तोंड न्हाई."

तर हे सांगितलं.

मावशी, येत्या गुरुवारी, तेवीस तारखेला, तुम्हाला घनसावंगीला जबाबाला बोलावतील. ठाण्यातून निरोप येईल. घाबरू नका, हे बोलावणं तुमच्यावरचा गुन्हा तपासून मागं घेण्यासाठी आहे. तृप्तीला बरोबर आणा. मागच्या वेळी जे सांगितलंत तेच सांगा, एक शब्द कमी-जास्त करू नका. मीही तिथं असेन. माझ्याकडं बघायची गरज नाही.

माफ करा असं मी लिहिलेलं नाही. ते मागायचं असेल तर तुमच्या दारात येऊन मागावं लागेल, आणि दार उघडायचं की नाही हे तुम्ही ठरवाल. या कागदात मागणं काहीच नाही. तृप्ती, आता कागद आईच्या हातात दे. तिला वाचता येत नाही, तरी दे. खाली सही केली आहे, ती तिला बोटानं दाखव, आणि सहीच्या वर मॅडमनी काय लिहिलं आहे ते एकदा मोठ्यानं वाच, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

झुंबरबाईंनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.

उषा