उरलेला सुरा

ती. अक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. तुझ्या भावजयीची पाठ दुखते असं ती म्हणते, माझे गुडघे दुखत नाहीत असं मी म्हणतो, आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसत नाही, म्हणजे संसार नीट चालू आहे. तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली का? डॉक्टरांनी वाकायचं नाही सांगितलंय तर वाकू नकोस. तू वाकणार हे मला ठाऊक आहे, तरी लिहायचं काम केलं. दाजींना नमस्कार सांग आणि त्यांच्या खोकल्याच्या औषधाची बाटली त्यांच्या हाती देऊ नकोस. मागच्या वेळी तिच्यात निम्मं पाणी होतं. ते कोणी घातलं याचा तपास मी नात्याखातर अर्धवट सोडला होता.

पत्राचं कारण असं की मी संकटात आहे. निवृत्तीला आठ महिने उरलेत. इतकी वर्षं वर्दीला डाग न लावता काढली (शाईचे सोडून), आणि आता घर दिसायला लागल्यावर बैलानं बसकण मारावी तसं माझ्या नावानं ठाण्यात निनावी अर्ज येऊन पडला आहे. येत्या सोमवारी साहेब त्यावर निर्णय देणार. निर्णय विरुद्ध गेला तर मला गस्तीवरून काढून मुद्देमालाच्या खोलीत बसवतील. ती खोली तू पाहिलेली नाहीस. जप्त केलेल्या सायकली, फुटके आरसे, एक शिवणयंत्र, मालक सापडत नाही असा एक लाकडी पाय, आणि एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. आठ महिने तिथे बसलो तर निवृत्तीच्या दिवशी मलाही चिठ्ठी चिकटवून फळीवर ठेवतील. बरं, एवढ्यावर भागत नाही. माझ्याबरोबर तो कुलूपवालाही आत जाईल. माझ्यासारखा खोलीत नव्हे, खरोखरीच आत.

कुलूपवाल्याचं प्रकरण मी तुला मागे सविस्तर लिहिलं होतं. आज पुन्हा लिहितो, कारण आज पंचनाम्याबरहुकूम लिहिणार आहे. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं भाड्याचं दुकान. मालकाला ती जागा पुतण्यासाठी हवी होती. त्यानं कोर्टात वगैरे न जाता सरळ दाराला आपलं कुलूप ठोकलं. आता मला सांग, माणसानं दुसरं काहीही करावं, पण कुलूपवाल्याला कुलूप लावून बाहेर काढायला जाऊ नये. आपण जांभई देतो तेवढ्या वेळात त्यानं ते उघडलं, आत शिरला, आतून स्वतःची तीन कुलपं लावली आणि ओरडला की कोणी आत आलं तर त्याला चिरीन, आणि कोणी नाही आलं तर स्वतःला चिरून घेईन. (म्हणजे आम्ही काहीही केलं तरी पंचाईत.) मालक धापा टाकत ठाण्यात, आम्ही दुकानापुढे. दार तोडावं तर ते कुलूपवाल्यानंच मजबूत करून घेतलेलं. उघडावं तर साऱ्या गावात कुलपं उघडणारा एकच माणूस, आणि तो आत.

माझी पद्धत तुला माहीत आहे. तापलेल्या माणसाशी बोलायला जाताना मी काठी कुणाकडे तरी ठेवून जातो. काठी हाताशी असली की दहा वाक्यांनंतर आपला हात तिच्याकडे जातो, आणि समोरच्याची नजर तर पहिल्या वाक्यापासूनच तिथे असते. त्या दिवशी ती समोरच्या चहावाल्याकडे दिली (त्यानं तिच्यावर फडकी वाळत घातली) आणि मी पायरीवर बसकण मारली. दाराला पत्र टाकायची फट होती, तिच्यातून बोलणं. पहिला तासभर तो मालकाला, मग माझ्या खात्याला, मग मला, मग माझ्या आईवडिलांना शिव्या देत होता. (तुझेही आईवडील तेच, म्हणून तुला कळवतो.) आईवडिलांपर्यंत आला की मी ओळखतो, माणूस दमला. मग मी सहज म्हणालो की आमच्या कपाटाचं कुलूप दोन वर्षं अडकतंय, मी आपलं त्यात स्वयंपाकाचं तेल सोडतो. आतली शिवी अर्ध्यावरच तुटली. मग आवाज आला, "काय सोडता?"

"तेल."

"अहो हवालदार, तुम्ही पोलीस आहात की कसाई?"

तिथून पुढे दोन तास त्यानं मला फटीतून कुलपाची निगा शिकवली आणि मी एकेक चूक कबूल करत गेलो. किल्ली फिरेना की मी तिच्यावर बत्ता घालतो, असं म्हणालो तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. खट, खट, खट. तिन्ही कुलपं उघडली, दार उघडलं, आणि तो माझ्यासमोर उभा. एका हातात सुरा, दुसरा हात पुढे. "आणा ती किल्ली इकडे." मी दिली. किल्ली नीट पारखायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्यानं सुरा मलाच धरायला दिला. सुरा म्हणजे काय, तर पेन्सिलीला टोक काढायची सुरी, पातं चार बोटं. तेच मी पंचनाम्यात लिहिलं. किरकोळ कलम लागलं, हमीपत्र घेतलं, संध्याकाळी तो घरी गेला. जागेचं भांडण कोर्टात गेलं, तिथे ते आधीच जायला हवं होतं.

आता अर्जाकडे येतो. ठाण्यातला कारकून कानाशी येऊन म्हणाला, "तुमच्या नावानं निनावी आलंय. साहेबांनी खणात ठेवलंय. आपण काही वाचलं नाही बुवा, पण दोन पानी आहे आणि अक्षर वळणदार आहे." त्या क्षणापासून माझ्या डोक्यात किडा शिरला. सगळ्यांत आधी संशय दुकानमालकावर, ते उघडच आहे. मग कारकुनावर, कारण आमच्या धंद्यात ज्यानं पहिली खबर दिली त्यालाच पहिलं बसवून घेतात. मग चहावाल्यावर. तो इतकी वर्षं मला पाऊण कप चहा देतो आणि आठ दिवसांपासून काठोकाठ देतोय. माणूस विनाकारण पाव कप चांगला होत नाही. तुझ्या भावजयीलाही आडून विचारलं, तर ती म्हणाली, "मला कशाला विचारता?" निर्दोष माणूस सरळ 'नाही' म्हणतो. ते मी मनात टिपून ठेवलं, आणि त्यानंतर दोन दिवस घरात जेवताना फारसा बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, हे आणखी संशयास्पद.

मग मी मालकाच्या मागावर राहायचं ठरवलं. म्हटलं, एक अर्ज टाकणारा दुसराही टाकेल, तेव्हा रंगेहाथ धरू. सुट्टीच्या दिवशी साधे कपडे घालून, कानापर्यंत टोपी ओढून टपालकचेरीत सूचनाफलकामागे उभा राहिलो. मालक आला, रांगेत लागला. मी फलकाच्या डावीकडून बघतो, उजवीकडून बघतो. सव्वा तास गेला, कारण खिडकीवरच्या बाईंना मधेच फोनवर बोलायचं होतं. त्या कुणाशी बोलताहेत याचाही मला संशय आला, आणि तो पुढे खरा ठरला. त्या आमच्याच ठाण्याशी बोलत होत्या. कोणी एक वयस्कर इसम फलकामागे लपून पुटपुटतोय, चेहऱ्यावरून बरा दिसत नाही, असं त्यांनी कळवलं. ठाण्यानं आमच्या नव्या शिपाईबाईंना धाडलं. पोरगी चलाख आहे. दाराशी येऊन थेट फलकामागे डोकावली आणि खाडकन सलाम ठोकून साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, तुम्ही आधीच आलात? संशयित कुठाय?"

मी म्हटलं, "निसटला."

तेवढ्यात मालकानं उठून मला आपली खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. लेकीला स्वेटर पाठवायला आला होता बिचारा. शिपाईबाईंनी ठाण्याच्या डायरीत प्रामाणिकपणे नोंद केली: 'संशयिताचा शोध घेतला असता हवालदार स्वतः मिळून आले.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. साहेब डायरी रोज वाचतात.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. साहेब वयानं माझ्या लेकासारखे, बघण्यानं शाळेच्या हेडमास्तरांसारखे. खणातून अर्ज काढून वाचू लागले. अर्जदार लिहितो की सदर हवालदार अत्यंत सद्गुणी असून त्यांच्यासारखा माणूस खात्यात दुसरा नाही. मी सावध झालो. जो शत्रू आधी स्तुती करतो तो पाताळयंत्री. पुढे, सदर हवालदारांना उन्हात हिंडवू नये, जिने चढायला लावू नयेत, त्यांना जेवायला वेळेवर सोडावं, ते लहानपणापासून भिडस्त असल्यानं स्वतः मागणार नाहीत. आणि एक हात लांब सुरा परजत अंगावर आलेल्या माणसापुढे त्यांना बिनाकाठीचं उभं करणाऱ्या अधिकाऱ्याला देव बघून घेईल, तरी त्यांना यापुढे सावलीतलं बैठं काम द्यावं. साहेबांनी चष्मा काढला.

"पंचनाम्यात चार बोटं. अर्जात एक हात. हवालदार, उरलेला सुरा कुठे गेला?"

मग ते म्हणाले, माणूस वाचवायला तुम्ही हत्यार लहान केलं असेल, जप्तीत दुसरीच सुरी ठेवली असेल, तर तुम्ही गस्तीवरून उठणार, आणि कुलूपवाल्यावर मोठं कलम लागणार. सोमवारपर्यंत खुलासा द्या.

अक्का, एक हात लांब सुरा या साऱ्या दुनियेत एकाच ठिकाणी आहे. मी तुला लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या पानावर.

मी रागावलेलो नाही. रागवायला मला तोंड कुठे आहे? त्या दिवशी खरी हकीकत लिहायला बसलो तर चार बोटांच्या सुरीची गोष्ट अर्ध्या पानात आटपली. तू माझी पत्रं आळीतल्या बायकांना गोळा करून वाचून दाखवतेस, हे दाजींनी मला सांगितलेलं आहे. म्हटलं, एवढ्या बायका हातातली कामं टाकून येणार, त्यांना पेन्सिलीची सुरी काय दाखवायची? मग हात जरा सैल सुटला. आणि आता आणखी एक, हे त्यांना वाचून दाखवू नकोस. दार उघडलं आणि ती एवढीशी सुरी माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर आली, तेव्हा माझा हात काठीकडे गेला. काठी चहावाल्याकडे होती. क्षणभर वाटलं, आपण मूर्ख आहोत, आणि आता तुझ्या भावजयीला कोण सांगायला जाईल. तुला ते लिहिण्यापेक्षा सुरा वाढवणं सोपं होतं.

साहेबांना खरं सांगावं, तर अर्ज कोणाचा हे सांगावं लागेल. मग ते तुला जबाबासाठी बोलावतील, डोळ्याला पट्टी असताना एवढा प्रवास, आणि तू साहेबांसमोर बसलीस की जबाब बाजूला राहील आणि तूच त्यांना विचारशील की माझ्या भावाला जेवायला किती वाजता सोडता. न सांगावं, तर तिकडे कुलूपवाला. बायको आहे, दोन लेकरं आहेत, आणि आमचं कपाट त्यानं असं दुरुस्त करून दिलंय की दार लोण्यासारखं फिरतं. त्याला माझ्या फुशारकीपायी आत जावं लागलं तर मला मुद्देमालाची खोलीसुद्धा जास्त होईल. तब्येतीला जप. वाकू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. १: पत्र मिळताच दुसरा निनावी अर्ज लिही, तो सोमवारच्या आत पोचला पाहिजे. लिही की, मागील अर्जातील सुऱ्याची लांबी सदर हवालदारांच्याच तोंडची असून, सदर इसम नातेवाइकांत फुशारक्या मारण्याबद्दल प्रसिद्ध आहे, तरी पंचनामाच खरा धरावा. मला लबाड म्हण, बढाईखोर म्हण, हात आखडू नकोस. मात्र जेवणाचा मजकूर या वेळी नको. पहिल्या अर्जापासून मी डबा उघडला की साहेब घड्याळाकडे बघतात. देवाचंही नाव नको, कारण तो अधिकारी म्हणजे साहेबच.

ता. क. २: अर्जात पुराव्यादाखल लागलं तर वापर: मागच्या वर्षीचे चार दरोडेखोर हे नळावर भांडणारे दोन साडू होते. पिसाळलेला कुत्रा खरा आहे, फक्त पिसाळलेला नव्हता. पुरातून काढलेल्या म्हातारीबद्दल समोरासमोर बोलू.

ता. क. ३: पाकीट चिकटवणार तोच साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "हवालदार, तुम्हाला थोरली बहीण आहे का हो?" मी ठणकावून 'नाही' म्हणालो. ते म्हणाले, "मला आहे. मागच्या ठाण्यात माझ्याबद्दल असाच अर्ज आला होता. त्यात माझ्यावर आठ गुंड धावून आले होते. एकच होता, आणि तो पडला म्हणून मी त्याला उचलायला गेलो होतो." मग हसले आणि गेले. निर्णयाबद्दल चकार शब्द नाही. मला हे हसणं ठीक दिसत नाही, तेव्हा तू अर्ज पाठवच. आणि सोमवारपर्यंत कोणी विचारलं तर तुला भाऊ नाही. मंगळवारपासून आहे.