पान्यावरचं घासलेलं नाव

बाबा,

हिमायतनगरच्या एका जुन्या अवजारांच्या शौकिनाने आज तुमचा पाना हातात घेऊन तोंड वाकडं केलं, तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. मूठ पिळली की जबडा उघडतो, असा पाना त्याने आजवर पाहिलेला नव्हता. "पण काका, याच्यावर नावच नाही. ओळखायचा कसा? कुणा अडाण्याने घासून टाकलंय," तो म्हणाला. तुम्हाला अडाणी म्हणाला. मी चहा तसाच टाकून उठलो.

राग त्या एकट्यावर नाही. हैदराबाद राज्याचे तुकडे झाले त्या वर्षी तुमच्या सरकारी वर्कशॉपातली अवजारंही वाटली जात होती, काही इथे राहणार, काही औरंगाबादला जाणार. हा पाना तर तुमचा स्वतःचा, तुम्हाला काम शिकवणाऱ्या गौलीगुड्याच्या उस्तादांनी हात थकल्यावर दिलेला. रोज डब्याच्या पिशवीतून तुम्ही तो घरी आणायचात. फाटकावरच्या कारकुनाने तो पाहिला आणि म्हणाला, "इसपे अंग्रेजी हरफां हैं, सरकारी है ये. कल जमा कराओ." अक्षरं असतील ते सरकारी, कोरं असेल ते कामगाराचं, असा त्यांचा न्याय.

त्या संध्याकाळी आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही चुलीशेजारी बसून कानशीने ती अक्षरं घासता आहात. मी रडतो आहे, कारण तुम्ही माझं बोट धरून मला इंग्रजी अक्षरं शिकवलीत ती याच पान्यावर. "नाव गेलं तरी पाना आपला राहील," तुम्ही म्हणता. दुसऱ्या दिवशी कारकुनाने गुळगुळीत लोखंड पाहून तुम्हाला खुशाल जाऊ दिलं. बाबा, तुम्ही भांडायला हवं होतं. उस्ताद जिवंत होते, त्यांना फाटकावर उभं करायचं होतं. आपलीच वस्तू चोरीच्या मालासारखी घासून घरात ठेवायची, ही कुठली रीत? तुम्ही गेलात तरी माझा हा राग गेलेला नाही.

त्या शौकिनाचा आज संध्याकाळी फोन आला. कंपनीचं नाव कळलं तर पान्याला संग्रहात मानाची जागा देतो म्हणाला. डोळे मिटून आजही मला ती अक्षरं बोटाने गिरवता येतात. आठवत नाही, असं सांगून मी फोन ठेवला.

हे पत्र तर कुठेच जाणार नाही. तरी इथेही मी ते नाव लिहिलेलं नाही. कुणी वाचेल आणि पाना न्यायला येईल, अशी मला अजून भीती वाटते.