जसं आलं तसं

देऊळघाट,
ता. १९ ऑक्टोबर १९६४

तीर्थस्वरूप मोतीरामदादांस,
इंद्रभानचा दंडवत. इकडे सारे सुखरूप. ज्वारी निसवली आहे, तांबड्या बैलाचा पाय बरा झाला. सुभद्रा तुम्हा दोघांना नमस्कार सांगते.

तुमचं पत्र पोचलं. ‘साहेब म्हणतात तिथे सही करून मोकळा हो,’ असं लिहिलंत. आधी झालं काय ते ऐका.

श्रावणात तारघरात मी यंत्रावर असताना रायपूरहून तार आली, आपल्या गावच्या कडूबाच्या नावाने. ‘ऑल वेल’, आणि पुढे एन-वाय-ए-एल-ई-वाय-ए. मला अर्थ लागेना. पलीकडच्याला पुन्हा पाठवायला सांगितलं. तीच अक्षरं आली. तारमास्तर म्हणाले, “कचरा आहे. खोडा. ऑल वेल कळलं की झालं.”

मी खोडलं नाही. जसं आलं तसं लिहिलं आणि शेजारी शेरा मारला, ‘अर्थ कळला नाही, पुन्हा विचारून खात्री केली.’ आपल्याला कळलं नाही म्हणून ज्याची तार त्यालाही कळणार नाही, हे ठरवणारे आपण कोण?

गावात गुरुजींनी तार वाचून दाखवली, तशी कडूबाची मंजुळाबाई ओरडली, “न्याले या! माही चांगुणा बलावून राह्यली!”

खुशालीची तार करायला रायपूरला लेकीच्या नवऱ्याने तिला सोबत नेलं होतं. तो विडी पेटवायला बाहेर गेला, तेवढ्यात तिने ‘लेकराचं नाव राहिलं’ म्हणून तिथल्या तारबाबूला तो शब्द घालायला लावला. कडूबा पोचला तेव्हा पोरीचे दोन्ही हात पोळलेले होते. तिला घेऊनच परतला.

आता सासरचे म्हणतात, तो शब्द आमचा नव्हेच, पोरगी पळवून नेली. मास्तरांना तक्रारीची भीती. त्यांना माझ्याकडून लिहून हवं होतं, की ऐकण्यात माझी चूक झाली. म्हणजे पोरीने बोलावलंच नव्हतं! तोच कागद दाखवून तिला ओढून नेलं असतं.

दादा, हे पत्र भरदुपारी लिहितोय. त्यावरून ओळखा. मी तोंडावर सांगितलं, “सायेब, घरी बसवा, पन हे लिहून देनार नाई.” त्यांनी बसवलं. चौकशी लागली आहे. लागू द्या.

परवा सासरचे आले होते. हाती कागद नव्हता. कडूबाने वेशीवरूनच वाटेला लावले.

सुभद्राला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “पोरगी घरीच राह्यली ना?”

“हाव.”

“मंग जेवा.”

फक्त या पत्राखाली सही करणारा,
तुमचा धाकटा
इंद्रभान