गांडुळांची हजेरी

७ सप्टेंबर
ठरलं. घरामागचा सासऱ्यांचा उजाड तुकडा मी जिवंत करणार. माती कसली, नुसता पत्रा! पहार मारली तर हातालाच झिणझिण्या. मेहुण्याला तिथे काँक्रीट ओतून टेम्पो उभे करायचेत. जागा हिच्या नावावर. ही म्हणाली, फेब्रुवारीअखेर एक तरी हिरवं पान दाखवा, नाहीतर भावाला हो म्हणते. म्हटलं, पान काय, जंगल दाखवतो. मेहुणा हसला. हसू दे. फॅक्टरीत जन्मभर सुपरवायझर होतो. भलेभले सुतासारखे सरळ केले. माती काय चीज आहे!

११ सप्टेंबर
मातीच्या सल्लागार बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, पालापाचोळ्याचं जाड पांघरूण घाला, ओल ठेवा, गांडुळं सोडा आणि मग विसरून जा. सगळं लिहून घेतलं. शेवटचं सोडून. ते काय लिहायचं?

१८ सप्टेंबर
गल्लीतला सगळा पाला गोळा केला. ही म्हणते, लोक काय म्हणतील. गांडुळांचं पोतं आलं. सोडण्यापूर्वी त्यांच्याशी शिस्तीबद्दल दोन शब्द बोललो.

१९ सप्टेंबर, सकाळी ६
पाला उचलून पाहणी. सगळी हजर, पण सुस्त. उजेडात तरी कामाला लागतील म्हणून दुपारपर्यंत पाला बाजूलाच ठेवला. आता रोज हजेरी.

२७ सप्टेंबर
गैरहजेरी फार. काही तर जागच्या जागी वाळून पडलेली. कामचुकार माल! दुसरं पोतं मागवलं.

९ ऑक्टोबर
पाल्याखाली पांढरे धागे. बुरशी! आमच्या कँटीनमध्ये असलं चाललं नसतं. फिनाईल मारलं. आता कसं स्वच्छ वाटतंय. ही फिनाईलची बाटली शोधतेय. मी पेपर वाचतोय.

१० ऑक्टोबर
बाईंना फोन. ती बुरशी हवीच होती म्हणे, तीच पाला कुजवते. आणि फिनाईलने गांडुळंही गेली असणार. हे आधी सांगायला नको? वरची माती खरवडून टाकली. नवा पाला, तिसरं पोतं. या वेळी हजेरी दिवसातून दोनदा.

१५ ऑक्टोबर
हजेरीला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. मेहुण्याने उचलून आणलं. भाऊजी, आता आराम करा म्हणाला. किती गोड आवाजात! डॉक्टरांनी अंथरूण सोडायचं नाही म्हणून बजावलंय. हजेरीचं काम हिच्याकडे सोपवलं. बरं म्हणाली.

२० नोव्हेंबर
हिला विचारलं, किती हजर? म्हणाली, भरपूर. हा काय रिपोर्ट झाला? खिडकीतून बघावं तर फक्त शेजाऱ्याची भिंत दिसते.

१२ जानेवारी
मेहुणा टेप घेऊन आला आणि मागे मोजमाप करून गेला. जागा गेली तर मी दिवसभर करू काय? डोळ्यांत पाणी आलं. सर्दी असावी.

२६ फेब्रुवारी
बाई तपासायला आल्या. मेहुणाही टेप घेऊन हजर. मी काठी टेकत गेलो. पाला बसून काळा झालेला. बाईंनी सहज हात घातला आणि मूठभर भुसभुशीत माती वर काढली. त्यात गांडुळं वळवळत होती! आणि मधोमध भोपळ्याचा वेल, हाताएवढी पानं. मेहुण्याने टेप खिशात घातला. मी भाषणासाठी घसा साफ केला. पण बाईंनी हिलाच विचारलं, काय काय केलंत? ही म्हणाली, काही नाही हो, भाज्या धुतलेलं पाणी ओतत होते, त्यातून एखादी बी गेली असेल. पाला एकदाही उचलला नाही. यांना तेवढं खोलीत ठेवलं. बाई म्हणाल्या, तेच तर सगळ्यात अवघड काम.
म्हणजे हजेरी घेतलीच नव्हती. चार महिने!

२७ फेब्रुवारी
जागा राहिली. हिने भावाला नाही म्हणून सांगितलं. मग मागच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मला खिडकीशी खुर्ची दिलीय. हरकत नाही. खरा सुपरवायझर लांबूनही लक्ष ठेवतो.

२८ फेब्रुवारी, सकाळी ६
हजेरी घेतली. भिंत हजर.